हेडविग मावशीचा तोल

पाणबुडीवरच्या आचाऱ्याला स्वयंपाक जेमतेम आला तरी भागतं, पण बटाटे कुठून काढले हे मात्र त्याला सांगता आलंच पाहिजे. एन्नो वुब्बेना रोज सकाळी कॉफीचं भांडं चढवायच्या आधी मधल्या खोलीत, जिथून बोट चालवतात तिथे, जाऊन उभा राहायचा आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणायचा, "पुढून आठ किलो बटाटे, मधून तीन किलो पीठ, मागून मांसाचे दोन डबे."

समोर स्टुलावर इंजिनियर लेबरेख्ट हॉयस्लर पाठमोरा बसलेला असायचा. मान न वळवता तो विचारायचा, "आणि सालं?"

"बादलीत आहेत साहेब."

"बादली कुठंय?"

"माझ्या पायाशी."

"मग तिथंच राहू दे. आणि काही?"

"नाही साहेब."

एवढं झालं की हॉयस्लर दोन चाव्या फिरवून पुढच्या टाकीतलं पाणी मागे किंवा मागचं पुढे करायचा. पाण्याखाली बोट म्हणजे टांगलेला तराजू. एक माणूस पुढून मागे चालत गेला तरी तिचं नाक वर येतं, म्हणून बोट खाली असताना मधल्या खोलीतून ओलांडून जायचं तर "एक जण मागे" अशी हाक देऊन परवानगी घ्यायची पद्धत होती. सव्वीस माणसं काय खातात, कुठे झोपतात, कोण किती वाळला आणि कोण सुटला, हे सगळं हॉयस्लरच्या त्या टकलात असायचं. खलाशी त्याला सोनार म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात.

हा सोनार झ्विकाऊचा, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जन्माला यावं तितक्या लांबचा. चाळिशीचा, बुटका, आणि बोलायला लागला की त्याच्या सॅक्सन हेलाची नक्कल करायला पोरं टपलेली असायची. पण अकरा फेऱ्यांत हेडविग मावशीनं त्याच्या मनाविरुद्ध एकदाही पाण्याबाहेर डोकं काढलेलं नव्हतं. हेडविग मावशी म्हणजे बोट. तिला जर्मन आरमाराचा सरकारी नंबर होता, पण बोजड, कुरकुरी आणि तरी दर वेळी घरी आणून पोचवणारी अशी बाई प्रत्येकाच्या घरात एखादी असतेच, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलं. बेल्जियममधल्या ब्रुगच्या तळावर दुसऱ्या बोटींचे इंजिनियर बिअरचा पेला हातात घेऊन विचारायला यायचे, "हॉयस्लर, तुम्ही करता तरी काय?" आणि हा माणूस एन्नोकडे बोट दाखवून सांगायचा, "आमच्या आचाऱ्याला विचारा. तो खोटं बोलत नाही, एवढंच."

एन्नोला त्या वाक्याचा केवढा अभिमान! बायकोला लिहिलेल्या पत्रात त्यानं ते दोनदा लिहिलं होतं.

आणि त्याच एन्नोनं महायुद्धात, १९१७च्या मे महिन्यात, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यासमोर, माती खाल्ली.

झालं असं. दुपारी त्यांनी एक डॅनिश जहाज अडवलं. हल बंदरात लोणी आणि डुकराचं खारवलेलं मांस घेऊन चाललेलं. कप्तान ब्रोडर्सन डॅनिश सीमेवरच्या फ्लेन्सबुर्गकडचा, वय सत्तावीस, त्याला डॅनिश घरच्यासारखी यायची. त्यानं त्या लोकांना होड्यांत उतरायला वेळ दिला, किनारा कुठल्या बाजूला आहे ते दाखवलं, वर पाव दिला. डॅनिश आचारी मांडीवर आपली पातेली घेऊन होडीत बसला होता. एन्नोला त्याच्याकडे बघवलं नाही. त्याच्या हातचा स्वयंपाक आता तळाला जाणार होता आणि तो बुडवणारे आपणच होतो.

"साठ किलो घ्या," कप्तान म्हणाला, "आणि हॉयस्लरना सांगून घ्या."

साठ किलो सांगून घेतले. पण गडबडीत एन्नोनं न सांगता आणखीही घेतलं. लोण्याची दोन पिंपं, एकेक पन्नास किलोचं, आणि मांसाच्या चार फाळी. पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीत, सकाळीच सुटलेल्या टॉर्पेडोची जागा फळ्यांखाली रिकामी होती. तिथे त्यानं ते सगळं सारलं आणि वर फळ्या बसवून टाकल्या.

लोभ होता का? होता. पण तो स्वतःच्या पोटाचा नव्हता. लेरमध्ये त्याची बायको टाल्के तीन पोरांना घेऊन सगळा हिवाळा सलगमच्या कंदांवर जगली होती. सलगमचा पाव, सलगमचा मुरंबा, सलगमची कॉफीसुद्धा. धाकटी गेशे पाच वर्षांची, आणि टाल्केनं लिहिलं होतं की ती आता जिना चढत नाही, खालीच बसून राहते. सांगितलं असतं तर ते लोणी सव्वीस जणांत वाटलं गेलं असतं, नाहीतर तळावरच्या कोठारात जमा झालं असतं, आणि कोठारातलं लोणी कोणाच्या पावाला लागतं हे प्रत्येक आचाऱ्याला माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मधल्या खोलीत उभा राहिला. बटाटे सांगितले, पीठ सांगितलं.

"आणि काही?" हॉयस्लरनं विचारलं.

"नाही साहेब."

हॉयस्लरनं मान वळवली. अकरा फेऱ्यांत पहिल्यांदा. एन्नोकडे नीट बघितलं, टक्कल खाजवलं आणि म्हणाला, "बरं. कॉफी जरा कडक कर." एन्नोनं चुलीकडे परतून भांड्यात मूठभर कॉफी जास्त टाकली.

दुपारपर्यंत बोट पाण्याखालीच होती. होड्यांतले डॅनिश लोक किनाऱ्याला लागले असणार, कारण तोफा लावलेली चार इंग्रज मच्छीमार जहाजं मावशीला शोधत फिरत होती. समुद्र नको तितका शांत, एक सुरकुती नाही. कप्तान पेरिस्कोप बोटभर वर काढून बघायचा आणि लगेच खाली घ्यायचा. विजेच्या मोटारी अगदी हळू चालल्या होत्या आणि अशा वेळी बोट सुकाणूला दाद देत नाही, ती फक्त तोलावर तरंगते. हॉयस्लरच्या मानेवरून घाम ओघळत होता. चुलीपाशी उभ्या एन्नोला ती मान दिसत होती. त्याला वाटलं, हे माझ्या लोण्यामुळे. नाकात दोनशे किलो आहेत आणि या बिचाऱ्याला पत्ताच नाही, म्हणून तो झगडतोय.

त्यातच कप्तान टॉर्पेडोवाल्या नोलला म्हणाला, "संधी मिळाली की पुढच्या फळ्या उचलून साखळ्या तपासा."

फळ्या उचलल्या की सगळं उघडं पडणार. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला उघडं पडण्याइतकीच त्या मानेवरच्या घामाचीही काळजी होती. आणि त्याला वाटलं, उपाय सोपा आहे. वजन बरोबर मध्यावर ठेवलं तर ते नसल्यासारखंच असतं, काट्याला कळत नाही. हे त्याला हॉयस्लरनंच शिकवलं होतं, एकदा चमच्यावर अंडं ठेवून. त्याची चूल मध्याला लागूनच होती. लोणी चुलीमागे आणलं की चोरीही झाकली जाईल आणि बोटीचा तोलही सुधारेल. अर्धवट शिकलेल्या माणसाला शहाणपण सुचतं ते असं.

पुढच्या खोलीत हवा वाचवायला माणसं झोपवलेली होती. एन्नोनं फळी उचलली आणि पहिलं पिंप पोटाशी धरलं.

"एक जण मधे!"

"ये," हॉयस्लर न बघता म्हणाला.

पुन्हा पुढे. दुसरं पिंप. "एक जण मधे!"

"ये."

मग दोन फाळी. तिसऱ्या हाकेला हॉयस्लर म्हणाला, "आचारीबुवा, पोट बिघडलंय का? केवढ्या खेपा!"

सुकाणूवरचे दोघे हसले. एन्नोही हसला. उरलेल्या दोन फाळी घेऊन तो चौथ्यांदा आला, त्या चुलीमागे कोंबल्या, आणि कपाळ पुसतो न पुसतो तोच पायाखालची जमीन मागे कलली. चुलीवरचं भांडं घसरलं.

"नाक वर चाललंय!" सुकाणूवाला ओरडला.

"सगळे पुढे!" हॉयस्लर उभा राहिला होता. "धावा, सगळे पुढे! पुढची टाकी भरा!"

झोपलेले, जागे, सगळे नाकाकडे धावले. धावले चांगले, पण अर्धं मिनिट उशीर झाला. पेरिस्कोपाशी उभा कप्तान अगदी हळू आवाजात म्हणाला, "आपण उन्हात आहोत." आणि मग, "दोन जहाजं आपल्याकडेच वळली."

हॉयस्लरनं काट्याकडे बघितलं. मग चुलीकडे. चुलीमागून पिंपाची कड दिसत होती. एन्नोला त्या नजरेत सगळं कळलं. या माणसाला कालपासूनच ठाऊक होतं. त्यानं त्या दोनशे किलोंचं पाणी केव्हाच काढून टाकलं होतं, बोट नीट तोलावर होती, आणि आपण तो तोल चार खेपांत मोडून टाकला.

बोट पुन्हा खाली गेली, पण इंग्रजांना जागा कळली होती. पहिला बाँब लांब फुटला, दुसरा जवळ. तिसऱ्यानं मागची मोटारीची खोली फोडली. तिथे दोघं होते, त्यांना बाहेर काढायच्या आत दार लावून घ्यावं लागलं. ते दार कप्तानानं स्वतः लावलं आणि त्याला टेकून तो क्षणभर तसाच उभा राहिला. मावशी शेपटीवर बसली आणि तीस मीटरवर चिखलात रुतली. मोटारी बंद पडल्या. पाणी दाराच्या कडेतून येतच होतं, आणि ते बॅटरीपर्यंत पोचलं की विषारी वायू सुटणार हे सगळ्यांना माहीत होतं.

चोवीस माणसं उरली होती. कोणी रडत नव्हतं, पण कोणी कोणाकडे बघतही नव्हतं.

हॉयस्लरनं हवेच्या बाटल्यांवरचे काटे वाचले, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "कप्तान, आख्खी बोट वर येणार नाही. नाक येईल. बोट पन्नास मीटर लांब आहे आणि पाणी तीस. शेपूट चिखलात राहू दे, नाक पाण्याबाहेर काढू, आणि पुढच्या छतातल्या झडपेतून माणसं जातील."

"तेवढी हवा आहे?"

"उधळली तर नाही. मापून दिली तर आहे."

मग त्या माणसानं जे केलं ते एन्नो आयुष्यभर विसरणार नव्हता. आधी सगळ्यांना मागे, गुडघाभर पाण्यात उभं केलं, म्हणजे नाक हलकं होईल. मग पुढच्या टाकीत हवा सोडली. मावशी कुरकुरली, कण्हली आणि हळूहळू तिचं नाक उचलायला लागलं. जमिनीचा जिना झाला. वर कुठेतरी लाटांचा आवाज ऐकू आला तेव्हा रेड्यासारख्या नोलनंही मोठ्यानं देवाचं नाव घेतलं.

"कप्तान, तुम्ही पहिले."

"मी शेवटी जाणार, हॉयस्लर. तशी रीत आहे."

"रीत राहू दे. वर झडप उघडून माणसांना होडीत बसवल्यासारखं एकेक करून कोण काढणार? घुसाघुशी झाली की सगळे मेलो. आणि ही चावी तुम्हाला द्यायची म्हटलं तर तुमचा हात म्हणजे गाडीवानाचा. एका झटक्यात सगळी हवा घालवाल."

कप्तानानं टाचा जुळवून या बुटक्या सॅक्सनला सलाम ठोकला आणि चढायला लागला.

त्यानंतर सुरू झालं ते वजन. माणूस जिना चढायला लागला की नाक जड होऊन खाली बसायचं, म्हणून प्रत्येकाच्या वजनाइतकी हवा, त्याहून जास्त नाही.

"नोल, किती?"

"ब्याऐंशी."

"गेल्या महिन्यात शहाऐंशी होतास. जा." फुस्स. "पुढचा?"

"चौसष्ट, साहेब."

"बूट काढ. जा." फुस्स.

बूट, पट्टे, कोट, सगळ्याचा ढीग पाण्यात पडत होता. कोणी वजन चुकीचं सांगितलं तर हॉयस्लर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. "एकाहत्तर? अरे, मला शिकवतोस? पंचाहत्तर." आणि इतकं होऊनही माणसं हसली, ओळीत उभी राहून, कमरेएवढ्या पाण्यात. एकानंही ढकललं नाही. भीतीला जागाच मिळू नये अशा बेतानं तो माणूस बोलत होता.

बावीस गेले. एन्नो मुद्दाम मागे थांबला होता.

"तू?" हॉयस्लर म्हणाला.

"साहेब, ते लोणी..."

"वजन विचारलं मी."

"सत्त्याऐंशी. साहेब, बोट मी वर आणली. दोनशे किलो होते पुढे."

"दोनशे दहा," हॉयस्लर म्हणाला. चावीवरचा हात त्यानं हलवला नाही. "त्याच संध्याकाळी कळलं मला. पाणी काढून जुळवून टाकलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कप्तानाला नोंद करावी लागली असती, आणि तू चोर ठरला असतास. तुला तीन पोरं आहेत. मला वाटलं, जाऊ दे, तराजू मी सांभाळतो. तुला कानात सांगायला हवं होतं रे, की जाणतो मी, हात लावू नकोस. तेवढं राहिलं. म्हणजे निम्मी चूक माझी."

एन्नोनं त्याची बाही धरली. "तुम्ही चला. माझ्याबरोबर चला."

"टाकीतून हवा गळतेय. चावी सोडली की मिनिटभरात नाक खाली. आणि मला वर पोचायला दोन मिनिटं लागतात, माझे पाय बघ केवढे." तो खरंच हसला. "वर गेल्यावर गप्प बस. बोट वर आली ती या म्हाताऱ्याच्या हातून, असं म्हणू दे त्यांना. मेलेल्यावर कोणी खटला भरत नाही, आणि तुला लेरला परत जायचंय. चल, सत्त्याऐंशी. मधे थांबू नकोस."

फुस्स.

एन्नो चढला. कप्तानानं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं आणि "हॉयस्लर!" म्हणून आत हाक मारली. आतून काहीतरी उत्तर आलं, पण ते शब्द कोणाला कळले नाहीत. मग मावशीचं नाक सावकाश, अगदी सरळ, खाली गेलं.

इंग्रज मच्छीमारांनी तेवीस जणांना वेचून घेतलं, घोंगड्या दिल्या, दूध घातलेला चहा दिला. पुढे छावणी. लाकडी बराकी, काटेरी तार, आणि बोलायला वेळच वेळ. तिथे जी कुजबुज व्हायची ती झाली. सगळे हॉयस्लरचं नाव डोळ्यांत पाणी आणून घ्यायचे आणि शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "पण सोनाराचा काटा त्या दिवशी चुकला, बाबा." एन्नो तेव्हा भांडी घासायचा. महिना झाला, दोन झाले. गप्प बसायची आज्ञा होती, आणि ती पाळणं किती सोयीचं होतं हेही त्याला कळत होतं.

एका दुपारी कप्तानानं झ्विकाऊच्या हॉयस्लरबाईंना लिहिलेलं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं. शेवटी होतं, 'एका क्षणाच्या चुकीची भरपाई त्यांनी आपल्या प्राणांनी केली.'

नोलनं मान डोलावली. "खरंय. उगाच खोटं कशाला लिहायचं?"

"ते वाक्य काढा," एन्नो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"चूक त्यांची नव्हती. माझी होती." आणि त्यानं सगळं सांगितलं. पिंपं, फाळी, चार खेपा, गेशेचा जिनासुद्धा. त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर तो हात खाली सोडून उभा राहिला.

नोल उठला. मागच्या खोलीत गेलेल्या दोघांपैकी एक त्याचा सोबती होता. तो एन्नोसमोर येऊन उभा राहिला, मुठी वळल्या, उघडल्या, आणि तो बराकीबाहेर निघून गेला. त्यानंतर एन्नोच्या हातचं तो जेवला, पण त्याच्याशी कधी बोलला नाही.

कप्तानानं पत्र फाडलं. कोरा कागद आणि पेन्सिल टेबलावरून पलीकडे सरकवली. "हे मला लिहिता येणार नाही, वुब्बेना. तुम्ही लिहा."

एन्नोचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. किराण्याच्या यादीपलीकडे त्यानं फारसं काही लिहिलं नव्हतं. तो सगळी दुपार बसला आणि एवढंच लिहू शकला:

'बाई, तुमच्या नवऱ्याच्या हातून बोट एकदाही चुकून वर आली नाही. ती मी आणली, चोरीचं लोणी हलवून. त्यानंतर त्यांनी तिला तळातून पुन्हा वर आणलं, ते मुद्दाम, आणि आम्ही तेवीस जण उतरेपर्यंत हातात धरून ठेवलं. मी शेवटचा उतरलो. ते मला रागावले नाहीत.'

खाली त्यानं आपलं पूर्ण नाव घातलं. मग लेरचा घरचा पत्ताही घातला, बाईंना काही बोलायचं असलं तर कुठे बोलायचं ते त्यांना कळावं म्हणून.